पारव्यांचं दुखणं

हे मी बायकोपाशी बोललेलो नाही. अक्कापाशी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीपाशी, तर नाहीच. माणसं दोन घोट पोटात गेले की मनातलं सगळं ओकतात, म्हणून त्या भीतीनं मी प्यायचंसुद्धा सोडलं. लोकांना वाटलं, सुभाष सुधारला. तुमची-माझी ओळख नाही. कदाचित म्हणूनच तुम्हाला सांगणं जमेल – बघू.

कुठून सुरू करू? गाडीपासून करतो. गाडीपासून केलं की मला सोपं जातं, आणि मी आयुष्यभर सोपं तेच करत आलोय.

मी तेव्हा प्लॉटिंगच्या धंद्यात होतो. शेतं घेऊन त्यांचे तुकडे पाडणारे मोठे लोक वेगळे. मी त्यांचा फिरता माणूस. गिऱ्हाईक गाठायचं, गाडीत बसवायचं, दौलताबादच्या रस्त्याला न्यायचं, चुन्याच्या रेघा दाखवायच्या आणि बोलत राहायचं – इथं तुमचा हॉल, इकडं तुळस, सकाळी उठलात की समोर किल्ला. मोटारसायकलवर होतो तोवर लोक मला एजंट म्हणायचे. पांढरी गाडी घेतली – जुनीच, पण आरशासारखी चकचकीत – आणि तेच लोक साहेब म्हणायला लागले. म्हणून त्या गाडीवर माझा जीव. जीव म्हणजे काय ते तुम्हाला पुढं कळेलच.

राहायला सिडकोत होतो, ओळीतल्या घरांपैकी एका घरात. फाटकातून गाडी आत जायची नाही. ती बाहेर लागायची, बरोबर गच्चीच्या कठड्याखाली आणि विजेच्या तारांखाली.

आई गेली त्या वर्षी मी नानांना, माझ्या वडलांना, गावाहून घेऊन आलो. कन्नडच्या अलीकडं आमचं गाव. शेती वाट्यानं लावून दिली. अक्का कन्नडातच दिलेली, दाजी साखर कारखान्यात. ती म्हणत होती नानांना माझ्याकडं राहू दे. पण मी ऐकलं नाही. मुलगा असताना बाप लेकीच्या दारात का जाईल? हे वाक्य मी चार लोकांत मोठ्यानं बोलायचो. वडलांना मी सांभाळतो, हे गिऱ्हाइकालाही सांगायचो. त्यानं भरवसा बसतो.

नाना येताना ज्वारीचं एक पोतं घेऊन आले. बाजारातली ज्वारी त्यांना आवडायची नाही. भल्या पहाटे उठायची सवय, पण सिडकोत पहाटे उठून करणार काय? ना बैल, ना मोट, ना धार. मग ते ओंजळभर ज्वारी घेऊन गच्चीवर जायचे आणि पारव्यांना टाकायचे.

आमच्या शेजारी एक अर्धवट बांधलेली इमारत होती. भावाभावांचं भांडण कोर्टात, त्यामुळं तीन मजले तसेच उघडे. तिथं पारव्यांची वस्ती. आधी दोन-चार यायचे. मग थवाच यायला लागला. नानांच्या पायांची चाहूल लागली की सगळी इमारत फडफडायची. नाना मधोमध उकिडवे बसलेले आणि त्यांच्या भोवती ती करडी, निळसर, घुमणारी गर्दी. माझी मुलगी सई तेव्हा पहिलीत होती. ती त्यांच्या पाठीला चिकटून बसायची. दिसायला छान दिसत असेल. मी कधी नीट पाहिलंच नाही. मी खाली गाडीपाशी असायचो.

गाडीची काय दशा व्हायची, सांगू? खाऊन झालं की पारवे कठड्यावर आणि तारांवर ओळीनं बसायचे आणि शिटायचे. पांढरं, हिरवट, मधे काळा ठिपका. बॉनेटवर, छतावर, काचेवर, आरशाच्या खाचेत. ताजं असताना पातळ, ओघळत जाणारं. उन्हात वाळलं की सिमेंट. वायपर चालवला की काचभर फासलं जायचं आणि त्यातून रस्ता दुधातून बघितल्यासारखा दिसायचा. आणि वास! कुबट, उग्र, नाकात बसून राहणारा. एकदा बॉनेट उघडलं तर आतल्या फटीत पारव्याचं मेलेलं पिल्लू – अंगावर अजून पिसं नाहीत, पोट फुगलेलं, त्यावर बारीक किडे. मी तिथंच गटारीत उलटी केली. नंतर दिवसभर हात धूत होतो, तरी बोटांना तो वास येत होता.

आणि धुवायला पाणी कुठून आणणार? आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांआड यायचं. टाकी भरली की वैशालीचं, माझ्या बायकोचं, बादल्यांचं गणित सुरू व्हायचं. त्यातली बादली मी गाडीवर ओतायचो. मी बादली उचलताना ती ज्या नजरेनं बघायची, ती नजर अजून आठवते.

उपाय केले नाहीत असं नाही. कापडी कव्हर आणलं – ते कव्हरच इतकं माखायचं की घडी घालायला हात धजेना. जुन्या सीडी दोऱ्यात ओवून तारेला टांगल्या. गुलमंडीतून प्लास्टिकचा साप आणला आणि छतावर वेटोळं करून ठेवला. दुसऱ्या दिवशी एक पारवा त्याच्या डोक्यावर बसून घुमत होता. फटाके वाजवले, तर शेजारची म्हातारी भांडायला आली. गाडी गल्लीच्या टोकाला लावून पाहिली, तर कुणीतरी खिळ्यानं दारावर रेघ ओढली.

नानांना सांगितलं नाही का? सांगितलं ना. किती वेळा.

"नाना, दाणे टाकू नका. गाडीचा उकिरडा झालाय."

"बरं," म्हणायचे. आणि दुसऱ्या दिवशी गच्चीच्या मागच्या कोपऱ्यात जाऊन टाकायचे, जणू पारव्यांना तेवढ्यावरून कळेल की पुढं जायचं नाही. मी चिडलो की म्हणायचे, "मुकी पाखरं हायेत रं. वाट बघत्यात. मी पुसून देतो ना."

आणि खरंच पुसायचे. एक दिवस मी अंघोळ करून बाहेर आलो तर ते आपल्या ओल्या पंच्यानं बॉनेट घासत होते. जोर लावून, बैल घासावा तसं. त्या वाळलेल्या घाणीत बारीक कच असते. पंचा फिरेल तिथं रंगावर ओरखडे उठले होते. मी गल्लीत, सगळ्यांच्या देखत, त्यांच्या हातातला पंचा हिसकावला आणि ओरडलो. काय ओरडलो ते सांगत नाही. आपल्या बापाला कुणी असं बोलत नाही. ते पंच्याकडं हात करून म्हणाले, "त्यो दे. धुऊन वाळत घालतो." एवढंच.

मग एका रविवारी शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी आणि त्यांच्या बाई प्लॉट बघायला आले. सौदा जवळजवळ ठरलेला, फक्त जागेवर नारळ फोडायचा होता. बाईंनी पैठणी नेसलेली. मी गाडी लखलखीत पुसली होती. पण दाराच्या मुठीखाली, आतल्या बाजूला, राहिलं होतं. बाईंनी दार उघडायला हात घातला आणि बोटं बाहेर काढली ती माखलेली. त्यांनी आधी बघितलं, मग वास घेतला – माणूस का घेतो वास? – आणि त्यांचं तोंड असं झालं की मला माझंच तोंड लपवावंसं वाटलं. हात झटकताना एक शिंतोडा पदरावर गेला. त्या म्हणाल्या, "शुभ कामाला निघालो होतो हो." मी रुमाल दिला, पाणी दिलं. गुरुजी म्हणाले, पुढच्या रविवारी बघू. पुढचा रविवार आलाच नाही.

आता तुम्हाला वाटेल, इथं माझं डोकं फिरलं. नाही. डोकं फिरलं असतं तर बरं होतं. मी शांत होतो.

त्या हिवाळ्यात नानांना खोकला झाला. साधाच, कोरडा. वैशाली मागं लागली म्हणून त्यांना डॉक्टरकडं नेलं. छातीचा फोटो काढला. नाना बाहेरच्या खोलीत सदऱ्याच्या गुंड्या लावत होते, तेवढ्यात डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला आणि मला म्हणाले, "काही नाही, धुळीचा खोकला आहे. या वयाच्या मानानं छाती छान आहे. बीपी जरा वर वाटतंय, महिन्याभरानं परत घेऊन या." मला काय वाटलं, विचाराल? आनंद? नाही. खरं सांगायचं तर काहीच वाटलं नाही. मी पार्किंगचा विचार करत होतो.

घरी येताना क्रांती चौकाच्या सिग्नलला थांबलो. काचेच्या कोपऱ्यात वायपर पोचत नाही तिथं पांढरा थर साचला होता. मी त्याच्याकडं बघत होतो. नानांनी विचारलं, "डाक्टर काय म्हनला रं?"

आणि मी म्हणालो, "नाना, तुमच्या फुप्फुसात डाग आलेत. पारव्यांच्या घाणीचे."

मी आधी ठरवलं नव्हतं. पण अचानक तोंडातून गेलं असंही नाही. पारव्यांच्या विष्ठेनं छातीचा रोग होतो, असं मोबाईलवर कुणीतरी पाठवलेलं वाचलं होतं. तसा रोग खरंच असतो म्हणतात. म्हणजे मी खोट्याला खऱ्याचं अस्तर लावलं, प्लॉट विकताना लावतो तसंच. सिग्नल सुटेपर्यंत माझं सगळं बोलून झालं होतं – आता दाणे बंद, गच्ची बंद, नाहीतर डाग पसरतील.

नाना रेल्वे स्टेशनच्या रस्त्यानं येणारी गर्दी बघत राहिले. मग म्हणाले, "पाखरामुळं व्हतंय व्हय असं? आमाला कुनी सांगितलं नाय."

दुसऱ्या दिवसापासून ते गच्चीवर गेले नाहीत. इतकं सोपं होतं. महिनोन्‌महिने मी सीडी टांगत आणि साप मांडत बसलो होतो. पारवे काही दिवस आले, कठड्यावर बसून राहिले, खाली उतरून रिकाम्या फरशीवर चोची मारत फिरले. नाना खोलीची खिडकी लावून घ्यायचे. पारव्यांचं घुमणं काचेतूनही आत यायचं. मग हळूहळू ते पांगले. ज्वारीचं पोतं वैशालीनं दळायला टाकलं.

आता एक सांगतो, ते सांगायला मला जास्त लाज वाटते. मी खूश होतो. नुसता सुटलो असं नाही – खूश. सकाळी गाडी कोरडी असायची. मी तिच्यावरून फडकं फिरवताना शीळ घालायचो. त्या काळात माझे प्लॉटही बरे गेले. आतल्या खोलीत माझा धडधाकट बाप आजारी माणसासारखा पडून होता, आणि मी बाहेर शीळ घालत होतो.

कारण ते आजारीच झाले. तुम्ही माणसाला सांगितलं की तुझ्या आत डाग आहेत, तर तो काय करेल? तो आत बघत बसतो. श्वास मोजत बसतो. खोकला कधीच गेला होता, तरी ते मुद्दाम खोकून बघायचे. चालणं बंद झालं. जेवण निम्म्यावर आलं.

एक दिवस मी बूट घालत होतो. ते दाराला धरून उभे राहिले. "सुभाष, पोरीला व्हतं का रं हे? माझ्यापून?"

इथं मला नाही म्हणता आलं असतं. एक शब्द होता. नाही म्हटल्यानं माझं खोटं उघडं पडलंही नसतं – दाणे बंद ते बंदच राहिले असते. मग का नाही म्हणालो? मी हे स्वतःला पुष्कळदा विचारलंय. मला उशीर होत होता. आणि मी म्हणालो, "सांगता येत नाही."

त्या दिवसापासून त्यांनी सईला जवळ येऊ दिलं नाही. तोवर ती त्यांच्याच अंथरुणात झोपायची, त्यांच्या तोंडून कोल्ह्याच्या गोष्टी ऐकत. आता ती आली की ते तोंडाला पंचा लावायचे आणि हातानं लांब हो, लांब हो करायचे. ती रडायची, तिला वाटायचं, नाना रागावले. वैशालीनं त्यांचं ताट-तांब्या वेगळा केला, खोली रोज फिनेलनं पुसायला लागली. ती वाईट नाही. ती माझ्या शब्दावर विश्वास ठेवून सासऱ्यांची सेवा करत होती. "मामा, वाफ घ्या," म्हणत पातेलं नेऊन ठेवायची. नाना निमूटपणे डोक्यावरून टॉवेल घेऊन बसायचे. नसलेल्या रोगासाठी वाफ घेणारं ते वाकलेलं डोकं मी बघायचो आणि टीव्हीचा आवाज वाढवायचो.

महिन्याभरानं त्यांना परत दाखवायचं होतं. दाखवलं नाही. कसं दाखवणार? डॉक्टर त्यांच्यासमोरच बोलले असते. मी औषधाच्या दुकानातून ताकदीच्या गोळ्या आणल्या, वरचं पाकीट काढून टाकलं आणि त्यांना दिल्या. डागांवरचं औषध म्हणून. ते जेवणानंतर न चुकता घ्यायचे.

मग ते स्वतःच म्हणाले, "मला अक्काकडं सोड. लेकराच्या घरात हे दुखनं नगं." मी एकदा नको म्हणालो, म्हणायचं म्हणून. दुसऱ्यांदा म्हणालो नाही. मुलगा असताना बाप लेकीच्या दारात – ते वाक्य मग मी पुन्हा कुठं बोललो नाही.

कन्नडला मीच सोडलं, त्याच गाडीतून. सगळी वाट त्यांनी काच खाली ठेवली होती. थंडी होती, मी म्हटलं, वर घ्या. तोंडावरचा पंचा न काढता ते म्हणाले, "राहू दे. तुझी लोकं बसत्यात गाडीत. माझा श्वास नगं राह्यला आत."

मी गाडी चालवत राहिलो. दौलताबादचा घाट आला, गेला. अजून वेळ होता. खुलताबादला चहाला थांबलो तेव्हा वेळ होता. मी चहा प्यायलो. त्यांनी स्वतःचा पेला पिशवीतून काढला, कपाला तोंड लावायला नको म्हणून.

इथपर्यंतचं कधीतरी सांगता आलं असतं, असं मला वाटतं. खोटं बोललो, गाडीसाठी बोललो, माफ करा. माणसं हसली असती, शिव्या दिल्या असत्या. पण मी इथं घुटमळतोय ते यामुळं नाही. पुढचं आहे.

अक्काकडं ते मागच्या खोलीत राहायचे. तिच्या कोंबड्यांच्या जवळ जायचे नाहीत, देवळातही जायचे नाहीत, कारण शिखरात पारवे. उन्हाळा संपता संपता अक्काचा फोन आला. मी साईटवर होतो, गिऱ्हाईक शेजारी उभं.

"सुभाष, नानांचे पाय सुजलेत. दोन पावलं चालले की दम लागतोय. निजले की जीव घाबरतो म्हनतात, बसूनच राहतात. हितं एक चांगला डाक्टर आलाय, नवा फोटो काढून घेऊ का?"

नवा फोटो. मला पाय दिसले नाहीत, दम दिसला नाही. मला तो फोटो दिसला – स्वच्छ. उजेडावर धरलेला, एकही डाग नसलेला, आणि शेजारी अक्का उभी. मी म्हणालो, "थांब. मी इथल्या डॉक्टरांशी बोलतो."

संध्याकाळी मी तिला फोन केला. डॉक्टरांशी बोललो नव्हतो. मी म्हणालो, "तेच आहे. त्या दुखण्यात असंच होतं. उगाच नवीन डॉक्टर करू नको, दोघांची औषधं उलटसुलट होतील. गोळ्या चालू ठेव. संपल्या तर मी पाठवतो."

"बरं," ती म्हणाली. अगदी नानांसारखं.

मी आणखी गोळ्या पाठवल्या. एसटीच्या ओळखीच्या कंडक्टरच्या हाती. अक्कानं त्यानंतर आणखी एकदा विचारलं आणि मी आणखी एकदा तेच सांगितलं. हे सांगायचं राहिलं होतं. हे.

पोळ्याच्या आसपास नाना खूपच बिघडले, तेव्हा अक्कानं मला न विचारता दाजींना जीप आणायला लावली आणि दवाखान्यात नेलं. मी पोचलो तेव्हा ते बोलत नव्हते. नाकाला नळी, ओठ निळसर. माझ्याकडं बघून त्यांनी तोंडावर पंचा ओढायचा प्रयत्न केला. तिथं पंचा नव्हता, नुसताच हात वर आला. दुसऱ्या दिवशी दुपारी गेले.

तिथला डॉक्टर तरुण होता, थकलेला. व्हरांड्यात आम्हाला म्हणाला, "हृदय होतं. कमजोर होत गेलं. दम, सूज – पुष्कळ दिवसांपासून असणार. आधी का नाही आणलं? साध्या गोळ्यांवर राहिले असते बरीच वर्षं."

अक्का म्हणाली, "पण त्यांला तर पारव्यांचं दुखनं होतं. फुप्फुसाचं."

डॉक्टरनं कपाळाला आठ्या घातल्या. "फुप्फुसाचं? कोण म्हणालं?"

अक्कानं माझ्याकडं बघितलं. दाजींनी बघितलं. मी म्हणालो, "शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं." त्याला आतून कुणीतरी हाक मारली, आणि तो मान हलवत आत गेला. पाचेक क्षण असतील. तिथंही मी खोटंच बोललो. बाप आत पांढऱ्या चादरीखाली, आणि मला काळजी कसली, तर तो डॉक्टर परत येऊन पुढं काही विचारतो की काय.

वर्षभरात मी गाडी विकली. पश्चात्तापानं नाही, चांगली किंमत आली म्हणून. नंतर दुसरी घेतली, मोठी. आताचं घर वेगळं आहे, गाडी आत, छपराखाली लागते. सई कॉलेजात आहे. आमच्या इमारतीत कुणी खिडकीत दाणे टाकले की ती जाऊन सांगते – माझे आजोबा याच्यानंच गेले. फार तळमळीनं सांगते. लोक ऐकतात. मी शेजारी उभा असलो तर माझ्याकडं आदरानं बघतात.

स्वतःची किळस येते का? येते. पण किळस फार वेळ टिकत नाही, हे मला कळून चुकलंय. हात धुतले की जेवण जातं.

गेल्या महिन्यात कन्नडला गेलो होतो. अक्का आता थकलीय. चुलीपुढं बसून भाकरी थापत होती, मी पाटावर जेवत होतो. कुठून तरी नानांचा विषय निघाला. भाकरी तव्यावर टाकून ती म्हणाली, "मीच लक्ष दिलं नाय रं त्यांच्याकडं. रात-रात बसून राह्यचे, आन मी थकून निजून जायचे. त्या नव्या डाक्टरकडं तवाच न्यायला पाह्यजे होतं. तू तरी त्यांला शहरात दावलंस. माझ्याच हातनं गेले ते."

तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. धूर नव्हता. चूल चांगली पेटलेली होती.

मी डावा हात तिच्या खांद्यावर ठेवला. म्हणालो, "अक्का, तुझ्या हातात काय होतं? मनाला लावून घेऊ नको. मी काही तुला दोष देत नाही."

असं म्हणालो. मी. तिला.

तिनं पदरानं डोळे पुसले, टम्म फुगलेली भाकरी तव्यावरून काढली आणि माझ्या ताटात वाढली. मी ती खाल्ली.